साडेपाचच्या आत

फोर्टात उतरलात की आधी घड्याळ बघा. साडेपाचच्या आत वर पोहोचायला हवं, नाहीतर आजचं काम हुकलंच म्हणून समजा.

वर्ष 1968. जानेवारीचा दुसरा आठवडा. व्ही.टी.तून बाहेर पडून दादाभाई नौरोजी रोडनं सरळ चालत या. ट्राम बंद होऊन चार वर्षं होत आलीत. कोयनेच्या भूकंपाला जेमतेम महिना झालाय आणि त्या पहाटे कोण कसं अंथरुणातून उठून जिन्याकडे धावलं, हे अजून बँकेच्या काउंटरवर आणि पानाच्या गादीवर सांगून संपलेलं नाही. विविधभारतीवर जाहिराती लागायला लागल्या त्यालाही दोनच महिने झालेत. टीव्ही मुंबईत यायला अजून पावणेपाच वर्षं आहेत. म्हणजे गाणं ऐकायचं तर रेडिओ नाहीतर तबकडी, आणि तबकडी म्हटलं की एचएमव्ही.

सर फिरोजशहा मेहता रोडला वळा. दोन्ही बाजूंना विमा कंपन्या, बँका, वकिलांची चेंबर्स. युनिव्हर्सल इन्शुरन्स बिल्डिंग दिसली की आत शिरा आणि जिना चढायला लागा. मजल्यामजल्यावर टाइपरायटरचा खडखडाट आहे. फायलींचे गठ्ठे काखेत धरून शिपाई वरखाली करताहेत. तुम्हाला कोणी हटकणार नाही, कारण तुम्ही कोणाला दिसतच नाही. ऑफिसांच्या डोक्यावर एचएमव्हीचा स्टुडिओ आहे. दार जाड आहे, पण तुम्हाला वाटतं तितकं जाड नाही. आत गेल्यावरही खालच्या टॅक्सीचा हॉर्न पुसटसा कानावर येतो. हे लक्षात ठेवा. हाच हॉर्न या वर्षाच्या शेवटी लंडनच्या एका एलपीतूनही ऐकू येणार आहे.

आत माणसं बरीच आहेत. सतरंजीवर बसलेल्या वादकांच्या मधोमध एक सडपातळ गोरा पोरगा मांडी घालून बसलाय. पुढच्या महिन्यात त्याला पंचवीस पूर्ण होतील. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध चार चेहऱ्यांपैकी हा एक, बीटल्समधला जॉर्ज हॅरिसन. सव्वा वर्षापूर्वी, सप्टेंबर 1966 मध्ये, तो बायकोला घेऊन मुंबईत आला होता तेव्हा मिशी ठेवून, ‘सॅम वेल्स’ या नावानं ताजमहाल हॉटेलात उतरला होता. रविशंकरांकडे सतार शिकायची होती. पण ताजमध्ये त्याला कोणीतरी ओळखलं, हॉटेलखाली पोरापोरींची झुंबड उडाली, आणि शेवटी गुरू-शिष्यांना मुंबई सोडून काश्मीर गाठावं लागलं. या खेपेला तशी गर्दी नाही. सकाळी यायचं आणि वाजवून घ्यायचं. लंडनहून तो हे एवढंच ठरवून आलाय.

आलाय ते एका सिनेमासाठी. जो मॅसट नावाच्या दिग्दर्शकाचा ‘वंडरवॉल’. त्यात एक एकलकोंडा प्राध्यापक भिंतीच्या भोकातून शेजारणीचं आयुष्य बघत बसतो. सिनेमा फार कोणाच्या लक्षात राहिला नाही, आणि त्याबद्दल इथे जास्त बोलायचं कारणही नाही. पण त्यात बोलणं कमी आणि संगीताला जागा भरपूर होती, म्हणून जॉर्जनं ते काम घेतलं. लंडनमध्ये तो स्टॉपवॉच घेऊन बसला आणि कुठल्या प्रसंगाला किती सेकंदांचं संगीत हवं हे मोजून काढलं. त्यातलं पाश्चात्त्य वळणाचं संगीत तिथेच मुद्रित केलं. उरलेल्या जागा भरायला तो इथे आलाय.

आता जरा वादकांकडे बघा. मला विचाराल तर आजच्या प्रवासातलं बघण्यासारखं ते हेच आहे.

सरोद मांडीवर घेऊन बसलाय तो अठ्ठावीस वर्षांचा आशिष खान, अली अकबर खाँसाहेबांचा मुलगा आणि अल्लाउद्दीन खाँसाहेबांचा नातू. सरोदला पडदे नसतात. डाव्या हाताच्या नखाच्या कडेनं तार दाबून ती पोलादी पट्टीवरून घसरवायची, आणि उजव्या हातात नारळाच्या करवंटीचा जवा. नख किंचित झिजलं तरी सूर खरखरतो. पलीकडे महापुरुष मिश्र पखवाज लावताहेत. बनारसचे तबलिये, अली अकबर खाँसाहेबांबरोबर देशविदेश फिरलेले. ओल्या कणकेचा गोळा डाव्या पुडीवर थापून अंगठ्यानं चोहीकडे सारखा करताहेत. कणीक जरा जास्त झाली तर आवाज बसतो, कमी पडली तर पोकळ होतो. म्हणून थापायचं, एक ‘धा’ मारून बघायचं, चिमूटभर काढायचं, पुन्हा मारायचं. मग उजव्या पुडीच्या कडेवर हातोडीचे हलके ठोके. हे सगळं चालू असताना जॉर्ज एकटक त्यांच्या बोटांकडे बघतोय. कंटाळा नाही की घाई नाही. कोणी वाद्य लावायला बसलं की तेही ऐकायचं असतं, ही शिस्त त्याच्या अंगात मुरायला लागली आहे.

सनईवर हनुमान जादेव. पत्ती ओठांत धरून ओली करतोय. सनईचा सूर लागला की तुम्हाला आपोआप मांडव दिसतो, चौघडा ऐकू येतो. लंडनमध्ये हा सूर ऐकणाऱ्याला त्यातलं काहीच दिसणार नाही. त्याला फक्त सूर ऐकू येईल. त्याच्यासाठी हा एक नवाकोरा आवाज असेल. पेटीवर रिजराम देसाद आहेत. आणि बासरी घेऊन बसलेल्या तिशीच्या आतल्या त्या तरुणाला तुम्ही ओळखलंच असेल, हरिप्रसाद चौरसिया. आकाशवाणीच्या नोकरीत कटकहून बदली होऊन मुंबईत आले आणि इथल्या सिनेमाच्या स्टुडिओंनी त्यांना ठेवून घेतलं. जम्मूहून आलेले संतूरवाले शिवकुमार शर्माही या आठवड्यात इथे वाजवून जाताहेत.

या दोघांनी आदल्याच वर्षी ब्रिजभूषण काबरांच्या गिटारबरोबर ‘कॉल ऑफ द व्हॅली’ नावाची एलपी केली, याच एचएमव्हीसाठी. काश्मीरमधल्या मेंढपाळाचा एक दिवस रागांतून सांगायचा, ही कल्पना जी. एन. जोशींची. तेच जोशी, ज्यांच्या आवाजात आपल्या आज्यांनी पहिली भावगीतं ऐकली. गाता गाता ते एचएमव्हीत आले आणि तीसेक वर्षं मुंबईत मोठमोठ्या गवयांना मायक्रोफोनपुढे बसवत राहिले. त्यांचं ‘स्वरगंगेच्या तीरी’ वाचलं असेल तर तुम्हाला कळेल की जॉर्ज ज्या सतरंजीवर बसलाय ती रिकाम्या जागेत अंथरलेली नाही. आवाज तबकडीत कसा उतरवायचा, याचा कित्येक दशकांचा सराव या मंडळींच्या हाताला आहे.

आणि तो सराव आज लागणार आहे. लंडनमध्ये बीटल्स चार ट्रॅकच्या यंत्रावर काम करतात. एकावर ड्रम घ्यायचे, दुसऱ्यावर गिटार, चहा प्यायचा, विचार करायचा, नको असेल ते पुसून पुन्हा घ्यायचं. ‘सार्जंट पेपर’ला तसे पाच महिने लागले. इथे ती चैन नाही. सगळ्यांनी एकदम वाजवायचं आणि जे वाजेल तेच राहणार. सनईवाल्याला मायक्रोफोनपासून लांब बसवायचं, बासरीवाल्याला जवळ. पेटी फार दणकट वाटली तर ती हातभर मागे सरकवायची. मिक्सिंग म्हणाल तर ते सतरंजीवरच होतं. मुंबईतल्या वादकांना यात काही नवं नाही, कारण सिनेमाची गाणी ते रोज अशीच वाजवतात. एक चुकला तर पन्नास जणांना पुन्हा वाजवावं लागतं, म्हणून कोणी चुकत नाही.

जॉर्ज सांगतो कसं, तेही ऐका. युरोपी स्वरलिपी त्याला वाचता येत नाही, पण रविशंकरांकडे सरगम शिकलाय. तो चाल गुणगुणतो, बोटानं लय दाखवतो. रविशंकरांचे शिष्य शंभू दास, ज्यांनी 1966 मध्ये मुंबईत त्याचा रियाज करून घेतला होता आणि आता या वादकांची जमवाजमव केली आहे, ते अडलंनडलं समजावतात. मग दोन वादक आपसांत मान हलवतात आणि वाजवून दाखवतात. त्यानं सांगितलेल्या सुरांच्या मध्ये त्यांनी घातलेली मींड ऐकून तो हसतो. असं नको, म्हणत नाही. सांगणारा आणि वाजवणारा यांच्यातलं नातं हळूहळू बदलत जाताना तुम्हाला दिसेल. याआधी त्यानं भारतीय वळणाची दोन गाणी लंडनमध्ये केली होती. दोन्ही वेळेला साथ होती तिथल्या एशियन म्युझिक सर्कलमधल्या मंडळींची, आणि पुढे सतार घेऊन तो स्वतः. या वेळी त्यानं सतार बाजूला ठेवलीय. पुढचं गाणं होईल त्यात तो एकही वाद्य वाजवणार नाही. मला त्याचा सर्वांत जास्त आदर वाटतो तो इथे. चोविसाव्या वर्षी, एवढी कीर्ती पायाशी असताना, आपल्यापेक्षा चांगलं वाजवणारे समोर आहेत हे कळणं आणि गप्प बसणं सोपं नाही.

ते गाणं सिनेमाचं नाही. आठवड्याच्या शेवटी, सिनेमाचं काम उरकत आल्यावर, तो वादकांना अजून एक चाल सांगतो.

त्या चालीमागची गोष्ट केंब्रिजची आहे. हुआन मास्कारो नावाचे एक संस्कृतचे पंडित तिथे राहतात. जन्म भूमध्य समुद्रातल्या मायोर्का बेटावरचा. गीता आणि उपनिषदं त्यांनी इंग्रजीत आणली आणि पेंग्विननं ती छापली. डेव्हिड फ्रॉस्टच्या टीव्हीवरच्या कार्यक्रमात ध्यानधारणेवर चर्चा झाली, तिथे जॉर्ज होता आणि मास्कारोही होते. पुढे मास्कारोंनी त्याला आपला एक संग्रह पाठवला, ‘लॅम्प्स ऑफ फायर’. जगभरच्या धर्मांतली वेचक वचनं त्यात होती. सोबतच्या पत्रात त्यांनी सुचवलं की यातल्या ‘ताओ ते चिंग’च्या एखाद्या वेच्याला तू चाल का लावत नाहीस? तो वेचा म्हणजे लाओत्सेचा सत्तेचाळिसावा अध्याय. उंबरठ्याबाहेर पाऊल न टाकताही जग जाणता येतं आणि माणूस जितका लांब जातो तितकं त्याला कमी कळतं, असा त्याचा आशय.

आपल्याकडे काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, ते वेंधळ्या माणसाला. लाओत्से त्याच्या पुढे जातो. वळसा घेणाऱ्याच्या हाती शेवटी कमीच लागतं, असं तो म्हणतो. आणि हे सांगणारं गाणं करायला लिव्हरपूलचा एक बस ड्रायव्हरचा मुलगा अर्धी पृथ्वी ओलांडून फोर्टातल्या एका विमा कंपनीच्या इमारतीत येऊन बसलाय. मला यात विसंगती दिसत नाही. ज्यानं बीटल्सचा सगळा कारभार सांभाळला तो ब्रायन एप्स्टाइन आदल्या ऑगस्टमध्ये गेला. नाताळात बीबीसीवर लागलेला त्यांचा ‘मॅजिकल मिस्टरी टूर’ समीक्षकांनी झोडपला. पैसा, कीर्ती, जगभरचे दौरे, सगळं करून झालं होतं. बाहेर धावून काही सापडत नाही, हे ज्यानं जीव तोडून धावून बघितलंय त्यानंच म्हणावं. तो शब्द त्याच्या तोंडी शोभतो.

आता बोलणं बंद करा. टेप फिरायला लागलीय.

सुरुवातीलाच सरोद आणि सनई एकमेकांच्या अंगावर धावून आल्यासारखी वाजतात. खाली पखवाज. तबल्याची नाजूक कारागिरी इथे नाही. कीर्तनात उभ्या उभ्या वाजतो तसा रुंद, भरघोस नाद आहे. पहिल्या ठोक्यालाच कणकेनं भारलेली ती डावी पुडी तुमच्या छातीत घुमते. मग एकाएकी सगळं निवतं. जिथे शब्द यायचेत तिथे वादक मागे सरतात. पेटीचा मंद सूर, त्यावर बासरी. गाणारा अजून गात नाहीये, पण त्याची जागा राखून ठेवलीय. आलेल्या पाहुण्यासाठी पाट मांडावा तशी. दोन ओळींची जागा सोडून पुन्हा सरोद-सनईची झेप, पुन्हा शांत. हरिप्रसादांच्या फुंकरीकडे लक्ष द्या. सूर सुरू होण्याआधी क्षणभर नुसती हवा ऐकू येते. तीही मुद्रित होतेय.

टेक संपतो. कोणीतरी म्हणतं, अजून एक घेऊ. जॉर्ज एकापेक्षा जास्त टेक घेतो. त्यातला एक 2014 साली, सेहेचाळीस वर्षांनी, लोकांना ऐकायला मिळेल.

आणि मग साडेपाच वाजतात.

आधी खाली कुठेतरी खुर्च्या सरकतात. मग ड्रॉवर बंद केल्याचे, टाइपरायटरवर झाकण घातल्याचे आवाज. आणि मग जिना. चपला, बूट, रिकामे डबे. मजल्यामजल्यावरची कारकून मंडळी धाडधाड उतरायला लागलीत आणि सगळी इमारत त्या पावलांनी भरून गेलीय.

“काय हो, वर कोण साहेब आलाय म्हणे?”

“असेल कोणी. 5.42 चुकेल, चला!”

काचेपलीकडचा माणूस हात वर करून थांबा म्हणतो. मायक्रोफोन बंद. पुढे जॉर्ज हे आवर्जून सांगायचा की ऑफिसं सुटली की मुद्रण थांबवावं लागे, जिन्यावरच्या पावलांचा आवाज आत येई. त्याच्या सांगण्यात तक्रार नव्हती. आणि मला ही आठवण फार मोलाची वाटते. दादर, कल्याणची गाडी पकडायला निघालेली ही माणसं, ज्यांना बीटल्स हे नाव ऐकूनही ठाऊक नसेल, त्यांनी ठरवलं की हे गाणं कधी मुद्रित व्हायचं आणि कधी नाही. गाण्याला मुंबईचं वेळापत्रक पाळावं लागलं.

वादक वाद्यं बांधायला घेतात. महापुरुष मिश्र पुडीवरची कणीक खरवडून काढतात. ती दर वेळी काढावीच लागते. वाळली की कातड्याला चिकटून बसते.

इथून पुढचं भराभर बघून घेऊ. टेप लंडनला जाते. 6 फेब्रुवारी, ॲबी रोड. जॉर्जला गायचंय, पण गात नाही. चाल नाजूक आहे, आपल्याला झेपेल की नाही अशी धास्ती. पॉल मॅकार्टनी त्याला भरीस पाडतो, की गाऊन तर बघ, छान आहे. मग तो गातो, आणि फोर्टात राखून ठेवलेल्या त्या जागांत आवाज अलगद जाऊन बसतो. दोन दिवसांनी शेवटच्या ओळीपुरते जॉन लेनन आणि पॉल त्याच्या आवाजात आवाज मिसळतात. चौघांपैकी कोणाच्याही हाताचा एकही सूर या गाण्यात नाही. फेब्रुवारीच्या मध्याला मंडळी ध्यानधारणा शिकायला ऋषिकेशला निघतात.

15 मार्च 1968 ला ते ब्रिटनमध्ये बाजारात येतं, ‘लेडी मॅडोना’च्या पाठच्या बाजूवर. नाव ‘दि इनर लाइट’, लांबी अडीच मिनिटांच्या जरा वर. बीटल्सच्या सिंगलवर जॉर्जचं गाणं येण्याची ही पहिली वेळ, आणि तो स्वतः तेव्हा गंगेकाठी आहे. पुढची दहा वर्षं हे गाणं त्यांच्या कुठल्याच एलपीवर नव्हतं, म्हणून कित्येकांच्या कानावर आलंच नाही. 29 नोव्हेंबर 2002 ला, जॉर्ज गेल्याला वर्ष झालं तेव्हा, लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये जेफ लिन ते गायला आणि अनुष्का शंकर सतारीवर बसली.

मार्च 1968 मधली ती तबकडी हातात घेऊन उलटी करा. लेबलवर बीटल्सचं नाव आहे, हॅरिसनचं आहे. बाकी कोणाचं नाही. तेव्हा तसाच रिवाज होता. लंडनमध्ये व्हायोलिन वाजवणाऱ्यांचीही नावं कोणी छापत नसे. तरी मला ते खटकतं. ज्या अडीच मिनिटांत पहिल्या ठोक्यापासून शेवटच्या सुरापर्यंत सगळं वाजवलं ते फोर्टात बसलेल्या माणसांनी, तिथे त्यांचा उल्लेख नसावा? हे गाणं बीटल्सचं आहेच. पण ते मुंबईचंही आहे. आपल्या शहरात मुद्रित झालेल्या संगीताचा इतिहास आपण सांगतो तेव्हा सिनेमा येतो, नाट्यसंगीत येतं, भावगीत येतं. हे गाणंही त्याच वहीत त्याच शाईनं लिहायला हवं.

नोव्हेंबरपर्यंत थांबलात तर सिनेमाचं संगीत एलपीवर येईल, बीटल्सच्या ॲपल कंपनीची ती पहिलीच एलपी. तिच्या वेष्टनावर मात्र जॉर्जनं नावं छापून घेतलीत. आशिष खान, महापुरुष मिश्र, शिवकुमार शर्मा, शंभू दास, रिजराम देसाद, विनायक व्होरा, केंकरे. वाचा एकेक. मोठ्यानं वाचलंत तरी चालेल, ऐकायला इथे कोणी नाही. आणि मग सुई पहिल्या बाजूवर ठेवा आणि टॅक्सीचा हॉर्न कुठे येतो ते शोधा.